गरिबी मोजायला निघालेले आम्ही तिघं

चार माणसं एका कामाला लागली की काम मागे राहतं आणि किस्से पुढे पळतात. आम्ही तर बुलढाणा जिल्ह्याची गरिबी मोजायला निघालो होतो! वऱ्हाडचा कारभार तेव्हा मध्य प्रांताबरोबर चाले. नागपूरहून आलेले साहेब, गणपतराव आणि मी, अशी आमची तुकडी. साहेबांचा विश्वास प्रश्नांवर, गणपतरावांचा डोळ्यांवर. माझा दोघांवर, कारण जेवायला मला दोघांच्या मध्ये बसावं लागे.

*

नांदुऱ्याजवळ साहेबांनी एका म्हाताऱ्याला सरळच विचारलं, "बाबा, तुम्ही गरीब आहात का?"

"कोन ईचारून राह्यलं, त्याच्यावर हाये," म्हातारा म्हणाला. "सरकार ईचारत असन त हाव. माह्या पोरासाठी पोरीचा बाप ईचारत असन त बिलकुल नाही!"

साहेबांनी दोन्ही उत्तरं लिहून घेतली.

*

गणपतराव हसले. "विचारून गरिबी कळते होय? बघावी लागते!"

त्यांची रीत अशी की, संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर उभं राहायचं आणि कुणाच्या घरातून चुलीचा धूर निघतो ते बघायचं. देऊळगाव राजाकडच्या एका खेड्यात एकाही घरातून धूर निघेना. गणपतरावांचे डोळे भरून आले. "अख्खं गाव उपाशी आहे हो!"

तेवढ्यात पाटलांचा माणूस धावत आला. "काऊन उभे हा साहेब इथं? लग्नाची पंगत बसून राह्यली, चाला लवकर!"

त्या पंगतीत गणपतरावांनी बुंदी मागून मागून घेतली.

*

मग ठरलं, विचारायचंही आणि बघायचंही. साहेब खूश. "आता गरिबी सुटते कुठे!"

पहिल्याच घरी बाईंनी आधी आम्हाला जेवू घातलं. मग साहेबांनी विचारलं, "घरात धान्य आहे ना?"

"हाव, हाये ना."

गणपतरावांनी कणगीत डोकावून पाहिलं. "बाई, ही तर रिकामी!"

"होती जराशी जवारी," बाई म्हणाल्या. "तुमीच त जेवले आत्ता."

तिघांनाही फार लाज वाटली. पण रीत चांगली आहे, यावर आमचं एकमत झालं.

*

लोणारजवळच्या गावात मात्र ती रीत पक्की बसली. गाव गरीब ठरलं तर सरकारी विहीर मिळणार होती. नाहीतर बायांनी लांबून डोक्यावर पाणी आणत राहायचं, कारण जवळ होतं ते तळ्याचं खारं पाणी.

विचारलं की प्रत्येक जण म्हणे, "बरं चाललं हाये साहेब." आणि बघावं तर घरोघरी पाहुण्यांपुढे लख्ख घासलेल्या पितळी गडव्यात पाणी!

"बोलणं तेच, दिसणं तेच," साहेब म्हणाले. "सुखी गाव आहे. विहीर दुसऱ्या गावाला देऊ." मीही मान डोलावली.

गणपतराव शेजारच्या घरी गप्पांत रेंगाळले होते. साहेब आणि मी शेवटच्या घरी पोचलो. ओसरीवर बसून साहेबांनी पेन उघडलं आणि घरातल्या आजीबाईंकडे प्यायला पाणी मागितलं.

आजीबाईंनी मागच्या दारातून शेजारी वाकून पाहिलं.

"बसा ना बाप्पा जराशिक," त्या म्हणाल्या. "तुमचे ते दुसरे साहेब अजून पाणी पिऊन राह्यले. त्यायचं झालं का गडवा इकडं येते."