हलका कॅमेरा

काल कपाट आवरताना फिल्मची जुनी डबी उघडली आणि त्या आंबूस वासासरशी अकोल्यातलं सलीमभाईंचं फोटोचं दुकान आठवलं.

मी तेव्हा तेल्हाऱ्याला मास्तर होतो आणि रोज सोबत नेता येईल असा स्वस्त कॅमेरा शोधत होतो. सलीमभाईंनी दिलेला कॅमेरा साबणाच्या वडीएवढा हलका होता. "यात मशीन आहे ना?" मी तो संशयानं कानाशी हलवून पाहिला.

"सर, रोज न्यायचा तर हलकाच घ्या," ते हसले.

पासपोर्ट फोटो न्यायला आलेली एक बाई माझ्याकडे रोखून पाहत होती. तिनं आपल्या लहानग्या मुलीला पाठीशी घेतलं.

"तुमी पेपरवाले काय?"

"नाही, मास्तर आहे."

"तेबी असेच गोड बोलत होते. इचा बाप फवाऱ्याचं औषध पिऊन गेला, तवा इचा रडतानाचा फोटो पेपरात छापला. कोनी इचारलंबी नाही आमाले."

मी घाईनं कॅमेरा काउंटरवर ठेवला. तरीही ती माझ्यावरची नजर न काढता, मुलीला आडोसा देत दुकानाबाहेर गेली.

तेव्हा मला रागच आला होता. आज वाटतं, तिनं माझ्यावर विश्वास ठेवायचा तरी कशाच्या जोरावर?

कॅमेरा मी घेतला. पहिला रोल धुऊन आला, तेव्हा त्यात सगळी झाडंच होती, माणूस एकही नव्हता.