खिडकीतले इटालियन सिनेमे

माझ्याकडे सांगण्यासारखे किस्से नाहीत, असं मला वाटायचं. मग २०२० मध्ये शाळा बंद झाली, आजोबा आमच्याकडे आयर्लंडमध्ये, किलकेनीत अडकले, आणि इतके साचले की वहीची मागची पानंही पुरेनात! आता टीव्ही परत भिंतीकडे गेलाय. शेजारच्या बागेतली खुर्ची मात्र अजून आमच्या खिडकीकडेच तोंड करून आहे.

आजोबा दोन महिन्यांसाठी आले होते. आजी सोलापूरला एकटी. विमानं थांबली, तिकीट रद्द झालं. आजोबांनी नवस बोलला : आजी भेटेपर्यंत चहा बंद!

दर रविवारी दुपारी ते युद्धानंतरच्या गरीब इटलीचे जुने सिनेमे लावायला सांगत. शेजारच्या नोराबाई एकट्या, म्हणून आम्ही टीव्ही खिडकीकडे वळवला. त्या बाहेर, आम्ही आत. सबटायटल्स मी वाचायचे, आधी मराठीत, मग इंग्रजीत. वर्गात माझा आवाज पुढच्या बाकापर्यंत पोचत नाही.

"मोठ्याने!" आजोबा म्हणायचे. "तो माणूस उपाशी आहे, लाजरा नाही!"

*

पहिल्या रविवारी मी पॉपकॉर्न आणले. आजोबांनी सिनेमा थांबवला.

"समोर पोरं उपाशी, आणि तू चरतेस?"

मी बाऊल सोफ्याखाली सरकवला. बाहेर पाहिलं, तर नोराबाईंनीही आपला केक गुपचूप रुमालात गुंडाळला होता. मराठीचा एक शब्द कळत नसताना!

*

नोराबाईंनी एकदा चहाचा थर्मास आणला. आजोबांनी हात जोडले. मी नवस समजावून सांगितला.

"म्हणजे आमचा लेंट, ईस्टरआधीचा उपास! मीपण ईस्टरपर्यंत साखर सोडलीये. ग्रँड!"

ईस्टर झाला. त्या गोड चहा घेऊन हजर. आजोबांचं पुन्हा 'नको'.

"यांचा लेंट संपतो तरी कधी?"

"विमान सुटेल तेव्हा," मी म्हटलं.

त्यांनी वर बघितलं. "रिकामंच आहे गं आभाळ."

*

हे सिनेमे आजोबांनी कॉलेजात असताना फिल्म सोसायटीत पाहिलेले, तेही सबटायटल्सविना. एकात भुकेला मजूर चर्चच्या दारात उभा राहतो आणि पाद्री त्याच्यावर खेकसतो.

"बघ, हाकलतोय!" आजोबा म्हणाले.

मी वाचलं, "आत ये लवकर, सूप गार होतंय."

आजोबांनी तेवढा प्रसंग पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाले, "पन्नास वर्षं मी या माणसाला शिव्या घालतोय!"

*

दुसऱ्या एका सिनेमात घरात उजेड नाही म्हणून एक बाई चर्चमधल्या मूर्तीपुढचे मेणबत्त्यांचे तुकडे उचलते.

"देवाकडे चोरी!" नोराबाईंनी छातीवर क्रॉसची खूण केली.

"चोरी कसली? प्रसाद!" आजोबा म्हणाले. देवापुढचं आपण घरी नेतो, तो प्रसाद, असं मी नोराबाईंना सांगितलं.

"चोरीच," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "माझी आईपण आणायची. पण चोरीच!"

*

उन्हाळ्यात बंद चर्चं उघडली, आणि आजोबांचं तिकीटही पक्कं झालं. टॅक्सी दारात उभी असताना नोराबाई चर्चमधून धापा टाकत आल्या. कार्डिगनच्या खिशातून एक रुमालाची पुरचुंडी काढून त्यांनी कुंपणावर ठेवली आणि दोन मीटर मागे सरकल्या.

"घरी गेल्यावर उघडा म्हणावं."

आजोबांचं विलगीकरण संपल्यावर व्हिडिओ कॉल आला. आजोबा सोलापूरच्या स्वयंपाकघरात, बशीतला चहा फुंकत. मागे देव्हाऱ्यात, समईशेजारी मेणबत्तीचा एक जाड तुकडा जळत होता.

"ही कुठून आणली ते सांगत नाहीत," आजी म्हणाली. "नुसते हसतात. तू तरी सांग!"

मी खिडकीबाहेर फोन धरला आणि नोराबाईंना प्रश्न सांगितला. त्यांनी रस्त्याकडे पाहिलं, कोणी नाही याची खात्री केली, फोनजवळ वाकल्या आणि म्हणाल्या,

"प्रसाद!"