काकांना न दाखवलेली स्क्रीन

"म्हाताऱ्याच्या पेनड्राइव्हातूनच आलं असंल. दुसरं कुठून येतंय?"

आवक नोंदवणाऱ्या ताई खिडकीपाशी उभ्या राहून फोनवर कुणाला तरी सांगत होत्या. मी शेजारच्या खोलीत जमिनीवर मांडी घालून बसले होते. मांडीवर लॅपटॉप होता आणि समोर दोन साठवण सर्व्हर. खोली पूर्वी रिकाम्या पोत्यांची होती, म्हणून दाराला कडी फक्त बाहेरून. दार अर्धवट उघडं होतं. ताईंनी मला पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तरी त्या थांबल्या नसत्या, कारण व्हायरस आहे असं मीच तासाभरापूर्वी ऑफिसच्या साहेबांना सांगितलं होतं.

ते ऑफिस वसमतमधल्या हळद उत्पादकांच्या एका कंपनीचं. मला तिथे नांदेडच्या एका लहानशा फर्मने पाठवलं होतं. काम तसं सरळ होतं. ऑफिसच्या सगळ्या फायली त्या दोन सर्व्हरवर असायच्या आणि त्यांच्यावर अँटिव्हायरसची तपासणी नव्हती, ती बसवायची होती. अशा सर्व्हरला स्वतःला व्हायरस ओळखता येत नाही. त्यासाठी शेजारी एक वेगळं मशीन ठेवतात. कुणी फाइल उघडायला गेलं की ती आधी त्या मशीनकडे जाते, तिथून साफ आहे असा निरोप आला की मगच उघडते. गोदामाच्या दारात पोत्यात लोखंडी नळी खुपसून हळदीचा नमुना काढतात आणि मगच पोतं आत घेतात, तसंच. हे मी साहेबांना समजावलं तेव्हा त्यांनी मान डोलावली होती. नोकरी लागून मला आठच महिने झाले होते. कुणीतरी माझ्याकडे बघून मान डोलावली याचंच मला अप्रूप होतं.

मी शिरड शहापूरहून रोज बसने यायचे. शाळा मात्र नांदेडला झाली, होस्टेलवर राहून, इंग्रजी माध्यमात. घरात आई-बाबा बोलतात तसं मला बोलता येत नाही आणि शाळेतलं मराठी बोलले की माणसं गप्प होतात. म्हणून मी कमीच बोलते. ऑफिसात मला सगळे मॅडम म्हणायचे. पहिल्या दिवशी ताई म्हणाल्या होत्या, मॅडमशी जरा हळू बोला बरं, इंग्लिश मीडियमचं लेकरू हाय. सगळे हसले. मीही हसले.

फक्त टायपिंगचे काका हसले नव्हते. काका कुरुंद्याचे, कंपनी सुरू झाल्यापासून तिथे. सभासदांची पत्रं, सभेच्या नोटिसा, शेताच्या नोंदी, मराठीत जे जे काही टाइप व्हायचं ते त्यांच्या हातून जायचं. त्यांच्या कीबोर्डच्या फटींत हळदीची पिवळी धूळ बसलेली होती आणि अक्षरं पुसून गेली होती. त्यांना अक्षरांची गरजच नव्हती. खुर्चीच्या पाठीवर घरून आणलेली उशी बांधलेली, खिशाला किल्ल्यांसोबत पेनड्राइव्ह लटकवलेला. मी पहिल्या दिवशी वायर शोधत टेबलाखाली शिरले होते, तेव्हा ते खुर्ची सरकवून म्हणाले होते, डोकं संभाळ बाई, वर खिळा हाय.

त्या दिवशी सकाळी पहिली पूर्ण तपासणी संपली. यादीत एकच नाव होतं. काकांच्या फोल्डरमधला एक छोटा प्रोग्रॅम, धोकादायक म्हणून बाजूला काढलेला. त्या फोल्डरमध्ये नेमकं काय आहे ते बघावं म्हणून मी तिथली एक नोटीस माझ्या लॅपटॉपवर उघडली. आत सगळा चिवडा होता. इंग्रजी अक्षरं, मध्येच पौंडाची खूण, कंस, टिंबं असलेले परदेशी स्वर. दुसरी उघडली. तीही तशीच. दहावी तशीच.

हे मी ट्रेनिंगमध्ये शिकले होते. व्हायरस फायलींना कुलूप लावतो आणि आतला मजकूर वाचण्याजोगा ठेवत नाही. मी आधी सगळ्यांचा सर्व्हरवरचा प्रवेश बंद केला, मग लॅपटॉप उचलून साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेबांनी स्क्रीनकडे एकदा पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांना संगणकातलं कळत नव्हतं, पण वीस वर्षांच्या नोंदी कळत होत्या.

त्यांनी काकांना बोलावलं. काका दारातच उभे राहिले आणि म्हणाले, आज सकाळपासून मराठी उठूनच न्हाई राहिलं, कितीबी बटणं दाबली तरी इंग्रजीच येऊन राहिलंय. मी साहेबांकडे पाहून मान हलवली. मला ते व्हायरसचंच लक्षण वाटलं. लॅपटॉप टेबलावर होता, स्क्रीन साहेबांकडे, पाठ काकांकडे. काकांनी विचारलं की फायलींना नेमकं काय झालं, तर साहेब म्हणाले, तुम्हाला काय कळणार त्यातलं, पेनड्राइव्ह काढा. काकांनी किल्ल्यांच्या जुडग्यातून तो काढायला बराच वेळ घेतला. कडी घट्ट होती. मी मदतीला हात पुढे केला नाही.

साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, यांचं मशीन पूर्ण साफ करा, काही ठेवू नका. मग काकांना म्हणाले, उद्यापासून घरीच बसा, बाहेरून टायपिंग करून घेऊ. चार वाजता कपाटाच्या किल्ल्या द्यायला या. काकांनी फक्त आपल्या पायांकडे पाहिलं, चपला बाहेर काढलेल्या आहेत ना, असं बघावं तसं.

तर ताई फोनवर बोलत होत्या तेव्हा हे सगळं होऊन गेलेलं होतं. मी पेनड्राइव्ह तपासणीच्या मशीनला लावला होता. त्यात नोटिसा होत्या, नातीच्या शाळेतल्या कार्यक्रमाचे फोटो होते आणि व्हायरस एकही नव्हता. लपून बसला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. यादीत एकाही नोटिशीचं नाव नव्हतं याचंही मी असंच काहीतरी कारण शोधलं होतं.

तीन वाजून गेल्यावर मी काकांच्या टेबलाशी गेले. ते बाहेर ओट्यावर बसले होते, पाठमोरे. उशी खुर्चीलाच होती. मशीन पुसून टाकायची तयारी झाली, शेवटचा प्रश्न स्क्रीनवर आला. खात्री आहे का, असं मशीन विचारतं. मी काहीही पुसण्याआधी एकदा बघून घेते, ही माझी सवय आहे, शहाणपण नव्हे. डेस्कटॉपवर एक फाइल होती. सकाळी मी पहिल्यांदा उघडलेल्या नोटिशीचंच नाव. मी ती उघडली.

"सर्व सभासदांस कळविण्यात येते की," असं तिथे ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. खाली वार, वेळ, सभेचे विषय. एक काना इकडचा तिकडे नव्हता.

मी लॅपटॉप आणून शेजारी ठेवला. तीच फाइल, एका स्क्रीनवर चिवडा, दुसऱ्या स्क्रीनवर मराठी. मग मी फॉन्टचं नाव पाहिलं. ते माझ्या लॅपटॉपवर नव्हतंच. काकांच्याच पेनड्राइव्हवर तो फॉन्ट घेतला, तपासून माझ्याकडे बसवला, आणि चिवडा डोळ्यांसमोर मराठी झाला. मग उरलेल्या नऊ नोटिसाही तशाच उघडल्या.

इतकंच होतं. मराठी मोबाइलवर सहज लिहिता यायच्या आधीच्या काळातला फॉन्ट. तो नसेल तर ती अक्षरं अशी दिसतात. हे माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या कुठल्याही टायपिस्टला माहीत असतं. बाजूला काढलेला प्रोग्रॅम म्हणजे त्या फॉन्टचा कीबोर्ड, कुणा दुकानदाराने कधीतरी चोरवाटेने चालू करून दिलेला, म्हणून तपासणीला खटकलेला. तो मी काढला आणि काकांचं मराठी थांबलं. काका सकाळी तेच सांगत होते.

मी खुर्चीत बसून राहिले. मला पहिल्यांदा काय सुचलं ते लिहायला हवं. काकांची आठवण पहिल्यांदा झाली नाही. सुचलं ते हे, की आता सर्व्हर चालू करायचा, सगळ्या मशीनवर हा फॉन्ट टाकायचा आणि फायली परत मिळवल्या म्हणून सांगायचं. धोकादायक प्रोग्रॅम त्यांच्या फोल्डरमध्ये खरोखरच होता, त्यामुळे रिपोर्टमध्ये एक शब्दही खोटा नसता. नांदेडच्या फर्ममधल्या सरांचा फोन दोनदा येऊन गेला होता. रिपोर्ट पाठव, एवढंच. बोटं कीबोर्डवर होती आणि बोटांना पिवळं लागलं होतं.

ते चारच्या जरा आधीच आले, किल्ल्या हातात घेऊन. स्वतःच्या खुर्चीत मला पाहून ते टेबलाच्या पलीकडे थांबले आणि म्हणाले, "पुसलं का सगळं? न्हाई, नातीचा एक फोटो होता, म्हणून विचारलं."

मी म्हणाले, काही पुसलं नाही. एवढंच म्हणाले. ते खाली बघून हो म्हणाले आणि केबिनकडे निघाले. मी लॅपटॉप उघडाच उचलून मागे गेले.

केबिनमध्ये ताई चहा घेत होत्या. साहेबांनी माझ्या हातातली स्क्रीन पाहिली आणि खुर्चीतून अर्धे उठले. नोटीस लखलखीत मराठीत समोर होती. ते ताईंना म्हणाले, बघा, याला म्हणतात शिक्षण, मॅडमनी सगळं परत आणलं. ताई म्हणाल्या, आता तरी मॅडमला मोठ्याने बोलू द्या. साहेब मनापासून हसले. काकांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या, एकेक सुटी करून, कुठली कुठल्या कपाटाची ते सांगत.

तिसऱ्या किल्लीला मी लॅपटॉप फिरवला. स्क्रीन काकांकडे, पाठ साहेबांकडे. काकांनी चष्मा वर करून वाचलं. मग दुसरी फाइल मी फॉन्ट काढून उघडली, सकाळी दिसली होती तशी. त्यांनी क्षणभरच पाहिलं. चष्मा खाली घेतला आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ते काही बोलले असते तर मला सोपं गेलं असतं.

मी पहिल्यांदा फारच हळू बोलले. साहेब म्हणाले, काय म्हणालात?

"साहेब, फायलींना काहीच झालं नव्हतं. काकांच्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत त्या. मला वाचता आल्या नाहीत, आणि मी काकांना विचारलं नाही."