झाकणाच्या आतली जागा

माझी वहिनी नऊ वर्षं एका कवळ्या बनवणाऱ्याकडे नोंदी ठेवत होती. तिच्या टेबलामागच्या फळीवर प्लॅस्टरचे जबडे आ वासून बसलेले असत, जणू काही तरी सांगायचं राहून गेलेलं गाव. एकदा त्यांच्यावरच्या नावांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली आणि एका आजोबांना भलत्याच आजींची कवळी गेली. वहिनीने ते मनाला लावून घेतलं. हे घोळ टाळणारं सॉफ्टवेअर स्वतः शिकून बनवलं आणि ते विकायला तीन महिने बिनपगारी रजा घेतली.

"तीन महिने खुर्ची रिकामी ठेवतो," मालक म्हणाले. "पुढे एक दिवस नाही."

दोन महिने इंटरनेटवरच्या जाहिरातींत गेले. विक्री शून्य; फोन मात्र भरपूर आले.

"अहो, दाढ ठणकतेय. काय घेऊ?"

"मिठाच्या पाण्याने चुळा भरा आणि डॉक्टरांकडे जा," वहिनी सांगे.

"सूनबाई, दवाखानाच टाक," आई म्हणाली. "चालतोय की!"

"हसा, आई, हसा. कवळी सांभाळून."

तिसऱ्या महिन्यात जाहिराती बंद करून ती मला घेऊन कवळ्या करणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराच्या खोलीत दिवसभर बसली. हवेत पांढरी धूळ, यंत्राची घरघर. कारागिराचे हात ओले, मोबाइल खुंटीवरच्या पिशवीत.

"भावजी, नऊ वर्षं मी बाहेरच्या खोलीत बसले," ती माझ्या कानाशी ओरडली. "हे लोक दिवसभर बघतात काय, ते कधी बघितलंच नाही!"

कारागीर प्लॅस्टरच्या बादलीचं झाकण काढी, उलटं करून समोर ठेवी. दुपारपर्यंत चौदा वेळा.

संध्याकाळी आम्ही प्लॅस्टरच्या व्यापाऱ्याकडे.

"ताई, माझ्या झाकणावर तुमचं काय काम?"

"वर तुमचंच नाव राहू दे. मला जाहिरातीला आतली बाजू द्या. तुमच्या बादल्यांचा हिशेबही माझ्या सॉफ्टवेअरमध्ये बसवून देते."

व्यापाऱ्याने डोकं खाजवलं. मग म्हणाला, "आतली बाजू तशीही वायाच जाते म्हणा."

वहिनी, आई आणि मी, तिघांनी घरी बसून झाकणांच्या आत चिठ्ठ्या चिकटवल्या: 'कुणाची कवळी कुणाला गेली?' आणि खाली फोन नंबर. दोन आठवडे काहीच नाही. मग एका सकाळी फोन वाजला.

"बाई, माझ्याकडे अठ्ठावीस जबडे पडलेत आणि सगळ्या चिठ्ठ्या भिजल्यात. आज येता का?"

त्या आठवड्यात आणखी सहा आले. सातही जणांनी सॉफ्टवेअर घेतलं. सोमवारी वहिनी खुर्ची सोडायला मालकांकडे गेली. त्यांनी फळीवरचा एक जबडा उचलून त्याची चिठ्ठी दोनदा वाचली.

"तू होतीस तोवर मला तुझ्या सॉफ्टवेअरची गरजच नव्हती," ते म्हणाले. "आता कधी बसवून देतेस?"