लाल बावट्याचा म्हातारा

बेडसे गावापलीकडच्या दगडखाणीकडे मी भर मे महिन्यात एकटाच फिरायला गेलो होतो. उघडा डोंगर, वाळलेलं गवत, माणूस औषधालाही नाही. अचानक वळणावर कर्कश शिट्टी वाजली आणि करवंदाच्या जाळीमागून एक म्हातारा लाल बावटा घेऊन आडवा आला.

"थांबा! फुडं जायाचं न्हाई. बसा हितं."

मी निमूट दगडावर बसलो. तोही शेजारी टेकला. बावटा मात्र उंच धरलेला. मग गाव कुठलं, मुलं काय करतात, पिशवीत काय आहे, अशी सगळी चौकशी झाली. पिशवीतून चिवडा निघाला. तो त्यानं डाव्या हातानं खाल्ला, कारण उजवा हात ड्यूटीवर होता.

शेवटी मी विचारलं, "आबा, सुरुंग कधी उडणार?"

"सुरुंग? खाण बंद हून लय वर्सं झाली."

"मग मला का थांबवलंत?"

"खाण चालू व्हती तवा म्या बावटा धरला की सायबाची जीपबी थांबायची. थांबली की मान्सं चार शब्द बोलायची. आता फिरायला येनारे कानात वायरी घालून निघून जात्यात. बावट्याबिगर कोन थांबतंय?"

त्यानं बावटा खाली केला. "जावा, मोकळं हाय."

परत आलो तेव्हा तो जाळीच्या सावलीत घोरत होता, बावटा मांडीवर आडवा. वाट मोकळीच होती. मी मघाच्याच दगडावर बसलो आणि उरलेला चिवडा काढून ठेवला. त्यानं 'जावा' म्हटल्याशिवाय जायचं कसं?