वाळूवरचे बोंबील आणि आमची वेबसाइट

घाऊक धंद्याची वेबसाइट सांभाळणाऱ्यांनो, माझी चूक वाचा आणि आपापली साइट एकदा उघडून बघा.

पालघर जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या नवापूरला आमचा सुक्या बोंबलांचा घाऊक धंदा आहे. माल सासूबाई बघतात, वेबसाइट मी. आज सकाळी सांगलीचे एक व्यापारी आले. बोंबील हातात घेऊन म्हणाले, "माल एक नंबर हाय. मग साइटवर असला फोटो का टाकलाय? तो बघून मी दोनदा तुम्हाला सोडून दिलं. पालघरच्या दुकानदारानं सांगितलं म्हणून आलो."

त्यांनी मोबाइल पुढे केला. फोटोत बोंबील वाळूवर पसरलेले. मागे समुद्र छान दिसतो म्हणून वर्षापूर्वी मीच तो इंटरनेटवरून उचलला होता.

आम्ही दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टांगतो. वाळूचा संबंधच येत नाही. घाऊक घेणारा आधी तेच बघतो, कारण मासळी दाताखाली कचकचली की त्याचं गिऱ्हाईक परत येत नाही.

दुपारी आमच्या दोऱ्यांचे फोटो काढले आणि साइटवर टाकले. साधेच आलेत, एकात सासूबाईंचा हातही आलाय.

जुना फोटो काढून टाकण्याआधी त्यांनी तो बघायला मागितला. बराच वेळ बघून म्हणाल्या, "ही मासळी कोणाच्या दारातली हाय?"

मला माहीत नव्हतं.

"म्हंजे वर्षभर आपण दुसऱ्याचीच मासळी दाखवली. आपली दाखवायची लाज वाटली काय गो?"

तुमच्या साइटवरचा माल कोणाच्या दारातला आहे?