बाबांच्या बुटाला नाडी नाही

आमचं माहेर फुलवाल्यांचं, पातूरजवळच्या गावातलं. ओसरीवर बसून हार गुंफायचे म्हणजे हात कामात आणि तोंड मोकळं. अशा घरात किस्से कोणी जमवत नाही, ते झेंडूच्या पाकळ्यांसारखे सगळीकडे सांडलेले असतात. झाडून टाकले तरी दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात दोन-चार सापडतात. गेल्या वर्षभरात त्यात सगळ्यात जास्त भर घातली ती बाबांच्या बुटांनी.

आधी एक सांगून टाकते, म्हणजे हसताना तुमचा घोटाळा व्हायला नको. बाबांना बऱ्याच वर्षांची शुगर आहे आणि त्यांच्या तळपायांना आता काही कळत नाही. गरम नाही, गार नाही, टोचलेलं तर नाहीच. मागे एकदा बाभळीचा काटा पायात घेऊन ते कितीतरी दिवस फिरले. आईला दिसला तोवर उशीर झाला होता. उजवी करंगळी काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, “आता अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही. पुढच्या वेळी बोटावर भागणार नाही, पाय जाईल.”

बाबा घरी येऊन आईला म्हणाले, “चाल, एका बोटाचं नख कापाचं काम वाचलं.”

आई हसली नाही. मीही नाही.

*

मग घरात बूट येऊ लागले. माझा भाऊ मंगेश शेती पाहतो, त्याने आधी स्पोर्ट्‌स शूज आणले. बाबा म्हणाले, “हे पोरायचे हाय.” मग गमबूट आणले. आमच्याकडच्या मे महिन्यात गमबूट घालायचे म्हणजे पाय शिजायला टाकायचे. शेवटी दवाखान्याजवळच्या दुकानातून मऊ, चिकटपट्टीचे बूट आले. ते बाबांनी एका लग्नात घातले आणि घरी येऊन खाटेखाली सारले.

“काहून वो, चांगले तर होते,” आई म्हणाली.

“लोकं आदी बूट पाह्यतात अन् मंग शुगर किती हाय ते विचारतात.”

बाबा तरुणपणापासून नटवे. टोपीची कड जराही मोडलेली खपत नाही. हे आम्हाला ठाऊक होतं, पण पाय वाचवायचा रस्ता त्यांच्या नटवेपणातून जातो हे तोवर कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

*

उन्हाळ्यात मी आणि संदीप अमरावतीहून माहेरी गेलो. संदीप माझा नवरा, बडनेऱ्याला रेल्वेत आहे आणि त्याला बुटांचा भारी शौक. त्या दिवशी त्याच्या पायात नवे इंजिनिअर बूट होते. जाड चामडं, अर्ध्या नडगीपर्यंत उंच, एक बक्कल घोट्यापाशी आणि एक वर. बाबांनी जावयाला “या” म्हटलं ते बुटांकडे पाहून.

“जावईबापू, याची नाडी कुठी गेली?”

“नाडी नसतेच, मामाजी. पाय सरळ आत सारायचा. पूर्वी वाफेच्या इंजिनावर काम करणारे लोक घालायचे, म्हणून इंजिनिअर बूट.”

“म्हंजे घालाले इंजिनिअर लागत नाई?”

“घालायला नाही लागत,” संदीप म्हणाला, “काढायला लागतो.”

दुपारी जेवून संदीप लवंडला. उठून पाहतो तर दारात एकच बूट. दुसरा बाबांच्या पायात आणि बाबा गोठ्यामागे. पाय आत गेला होता, बाहेर येत नव्हता. मंगेशने बूट ओढला तर बुटाबरोबर बाबाच सरकत पुढे आले. मग आईने त्यांना मागून काखेत धरलं, मंगेशने टाच धरली, संदीप “हळू, हळू” म्हणत राहिला. एकदाचा बूट निघाला.

बाबा धोतर झटकत उठले. “जोडा असावा तर असा. चोराच्या बापाले निंगनार नाई.”

सगळे हसले. मी मात्र त्यांच्या पायाकडे पाहत होते. घोट्यावर लालभडक वळ उठला होता आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

*

तसाच बूट घ्यायचा तर डॉक्टरांना विचारून, असं ठरलं. संदीपचा एक बूट पिशवीत घालून आम्ही अकोल्याला गेलो. डॉक्टरांनी तो उलटासुलटा करून पाहिला. खरं म्हणजे त्यांना तो पटला नव्हता. पण खाटेखाली पडलेल्या चांगल्या बुटापेक्षा पायातला बरा, असं म्हणून त्यांनी अटी घातल्या. पुढे अंगठ्याएवढी मोकळी जागा हवी, आत शिवण लागायला नको, रोज घालण्याआधी आत हात फिरवून पाहायचा आणि काढल्यावर तळपाय पाहायचे.

मग त्यांनी एक बारीक तार घेतली. “डोळे मिटा. मी तळपायाला लावली की ‘कळलं’ म्हणा.”

बाबांनी डोळे मिटले. “कळलं.” थोडं थांबून, “कळलं.” पुन्हा, “हे बी कळलं.”

डॉक्टर म्हणाले, “काका, मी अजून हात लावला नाही.”

*

खरेदी अमरावतीत करायची ठरली. संदीपने ओळखीच्या दुकानात फोन केला तर दुकानदार म्हणाला, “संध्याकाळी आणा त्यांना. दिवसभरात पाय फुगतो, सकाळी घेतलेला बूट संध्याकाळी चावतो.”

बाबांना हे नवीन होतं. “म्हंजे सकाळचा पाय येगळा अन् संध्याकाळचा येगळा?” एवढी वर्षं हे पाय आपल्यापाशी आहेत आणि हे आपल्याला ठाऊक नाही, याचं त्यांना फार आश्चर्य वाटलं. एसटीत पातूरपासून अमरावतीपर्यंत ते मधूनमधून पायांकडे पाहत होते, फुगताना दिसतात का म्हणून.

दुकानदाराने सात नंबर चढवला. “कसं वाटतं, काका?”

“एक नंबर.”

आठ चढवला. “आता?”

“एक नंबर.”

नऊ चढवला. बाबा चालले तर टाच आत खडखड वाजत होती. “हा बी एक नंबर.”

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला बाजूला नेऊन खरं काय ते सांगितलं. तो भला माणूस होता, पण गोंधळला. बूट पायाला बसला की नाही हे तो पायालाच विचारत आला होता, आणि इथे पाय उत्तर देत नव्हता. त्याने बुटातलं पातळ अस्तर काढून जमिनीवर ठेवलं आणि बाबांना त्यावर उभं केलं, म्हणजे निदान पाय कुठे बाहेर जातो ते दिसेल. नाडी नसलेला बूट पायाच्या वरच्या उंचवट्यावर धरून राहतो, म्हणून तिथे दाबून पाहिलं. आठवर एकमत झालं. “घरात चार दिवस घालून पाहा,” तो म्हणाला. “रस्त्यावर नेऊ नका, म्हणजे बदलून देता येईल.”

*

गावी घरी आल्यावर पुन्हा तोच पेच. आतून कुठे घासतं हे कळणार कसं? आम्ही शिकलेली दोघं विचार करत बसलो आणि आईने कुंकवाचा करंडा आणला. बुटाच्या आत कुंकू भुरभुरलं, बाबांना पांढरे मोजे घातले, वर बूट. “फिरा आता सैपाकघरातून दारापर्यंत.” जिथे बूट दाबेल तिथे मोजा लाल होणार.

बाबा भरपूर फिरले. बूट काढले आणि तसेच मोज्यांवर तरातरा देवघराकडे गेले. घामाने कुंकू ओलं झालं होतं. तेवढ्यात शेजारच्या काकू वाटी घेऊन विरजण मागायला आल्या. फरशीवर दारापासून देवघरापर्यंत लाल पावलं उमटलेली. त्या उंबऱ्यातच थांबल्या.

“मंगेशचं लगन केलं वं, अन् आमाले सांगतलं बी नाई?”

मोज्यावर सगळ्यात गडद डाग होता तो करंगळी काढली त्या जागी. मी मोजा आणि बूट पिशवीत घालून अमरावतीला नेले. दुकानदाराने बिनबोभाट रुंद पंजाचा आठ नंबर बदलून दिला. पुन्हा कुंकू, पुन्हा फेऱ्या. या वेळी मोजा सगळीकडे सारखा गुलाबी निघाला. आईने तो दोन्ही बाजूंनी निरखला आणि म्हणाली, “आता ठीक हाय.”

*

त्यानंतर बाबांना गावात बुटांशिवाय कोणी पाहिलं नाही. तीन आठवड्यांत चामडं घोट्याशी मऊ पडलं आणि चालीत ऐट आली. अकोल्याच्या फुलबाजारात पहिल्यांदा बूट घालून गेले, तेव्हा रस्त्याकडेला बसलेल्या भाजीवाल्या बायांना आधी नुसते बूट दिसले. पालिकेचा साहेब आला समजून भराभर टोपल्या उचलल्या गेल्या. एकीने तर वांगी तिथेच सोडली.

बाबा त्या वांग्यांपाशी राखण करत उभे राहिले. बाई परत आली तेव्हा म्हणाले, “माय, म्या झेंडू इकतो. बूट तेवढे सायबाचे हाय.”

*

आता जो किस्सा सांगते, त्यात हसण्यासारखं होतं, पण मला हसू आलं नाही.

श्रावणात मंगेश वावरात गेला तर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दगडावर बूट. शेजारीशेजारी ठेवलेले, वरून रुमाल झाकलेला, धूळ बसू नये म्हणून. आणि बाबा झेंडूच्या ओळीत अनवाणी खुरपत बसलेले. बाजारात बूट, बँकेत बूट, पंगतीत बूट आणि जिथे काटे, काचा, तारा आहेत तिथे उघडा पाय!

मंगेशने फोन केला तेव्हा मी फोनवरच ओरडले. बाबांना द्यायला लावला.

“बाबा, काहून असं करता तुमी?”

“माय, वावरात कोनी पायतान घालून जाते का? जमीन हाय ते. तिच्यावर जोडा ठेवू?”

“डॉक्टर काय म्हणाले होते?”

“डॉक्टरले वावर नाई,” बाबा म्हणाले आणि फोन ठेवला.

संदीपने समजावलं, मंगेश भांडला, मी रडून पाहिलं. पुढच्याच आठवड्यात आईला त्यांच्या टाचेत काचेचा तुकडा सापडला. जखम भरली, पण डॉक्टर या वेळी रागावले नाहीत. पट्टी बांधली आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहून दिली. त्या न रागावण्याची मला जास्त भीती वाटली.

आई मात्र कधी एक शब्द बोलली नाही.

*

दसऱ्याला झेंडूवाल्यांची लेक माहेरी येते ती सणाला नाही, हारांना. आम्ही दोघं आदल्या दिवशीच पोचलो. पहाटे बाबा आणि मंगेश माल घेऊन अकोल्याला निघाले, तेव्हा बाबांचे बूट जागेवर नव्हते. “पालिस लावलं हाय, वाळलं नाई,” आईने आतून सांगितलं. कुरकुरत ते चपला घालून गेले.

माल विकून दुपारी परत आले, आंघोळ केली आणि पूजेला बसले. ओसरीवर पाट मांडला होता. खुरपं, विळा, फावडं, फवारणीचा पंप, सगळं धुऊन ओळीने ठेवलेलं. आणि ओळीत शेवटी, चकचकीत, दोन्ही बक्कलं लावलेले बूट. त्यांनाही हार.

मंगेश पुटपुटला, “आई, पायतान पूजेत?”

“पायतान नाई थे,” आई म्हणाली. “औजार हाय.”

बाबांच्या हातात कुंकवाची वाटी होती. खुरप्याला लावलं, विळ्याला लावलं, फावड्याला, पंपाला. बुटांपाशी हात थांबला. शेजारच्या काकू सोनं द्यायला आल्या होत्या, त्याही आपट्याची पानं हातात धरून उभ्या राहिल्या. बाबांनी एकदा आईकडे पाहिलं. मग दोन्ही बुटांना एकेक बोट लावलं, अक्षता टाकल्या आणि नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा वावरात निघाले. अनवाणी. बूट अजून पाटावरच होते, हार सुकलेला. आई दारात उभी राहिली, वाट अडवून.

“बूट घाला.”

“अवं, काल पूजा केली म्या त्याची,” बाबा म्हणाले. “पूजलेल्या वस्तूले आता पाय कसा लावू?”

आईने पदर खोचला. “पोळ्याले बैल पूजता. पाया पडता त्याच्या, पुरनपोळी चारता. दुसऱ्या दिवशी जुपत नाई का?”

बाबांनी टोपीची कड सारखी केली. मग ओसरीच्या पायरीवर बसले.

“मोजे कुठी ठेवले?”